'गेली असेल' म्हणता येतं ना? मग फ्रेंचचा हा काळ अर्धा झाला

फ्रान्समधल्या लिऑन शहरात मी ज्या घरात खोली घेऊन राहत होते, तिथे तळघरात सगळ्या भाडेकरूंसाठी एकच वॉशिंग मशीन होतं. दिव्याच्या बटणाशेजारी घरमालकीणबाईंनी हाताने लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवली होती : 'कां वू झोरे फिनी, एतेन्ये ला ल्युमिएर.' म्हणजे, तुमचं काम झालं की दिवा बंद करा. पहिल्या दिवशी तिच्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. अर्थ कळत होता. अडलं होतं ते 'वू झोरे फिनी'पाशी. काम संपल्याचं सांगायचं आहे, तर भूतकाळ हवा. दिवा नंतर घालवायचा आहे, तर भविष्यकाळ हवा. चिठ्ठीतल्या त्या तीन शब्दांत दोन्ही होते.

या काळाला फ्रेंचमध्ये 'फ्युत्युर आंतेरिअर' म्हणतात. शब्दशः 'आधीचं भविष्य'. भविष्यात एखादी गोष्ट घडणार आहे, आणि तिच्याही आधी दुसरी एखादी पूर्ण झालेली असणार आहे. त्या आधी पूर्ण होणाऱ्या गोष्टीसाठी हा काळ. आपल्याकडे अकरावी-बारावीला किंवा क्लासमध्ये फ्रेंच घेणारी मुलं तो बहुतेक वेळा इंग्रजीतल्या नियमांवरून शिकतात आणि अडखळतात. मला इथे मनापासून एवढंच सांगायचं आहे की इंग्रजी बाजूला ठेवा. शाळेत 'पूर्ण भविष्यकाळ' म्हणून जे शिकलात ते आठवा. 'ती गेली असेल', 'तिने पत्र लिहिलं असेल' या वाक्यांत फ्रेंच रचनेचा सांगाडा जसाच्या तसा आहे.

(फ्रेंच शब्द मी देवनागरीत जवळच्या उच्चाराने लिहिते आहे. स्पेलिंग वहीतच गिरवावं लागेल, त्याला इलाज नाही.)

आधी रचना. 'ती गेली असेल' यात दोन तुकडे आहेत. 'गेली' हे झालेल्या क्रियेचं रूप आणि 'असेल' हे सहायक क्रियापदाचं भविष्यकाळी रूप. 'ती गेली आहे' या वाक्यातला 'आहे' काढून 'असेल' घातला की काम झालं. फ्रेंचमध्येही नेमकं तेच करायचं. 'एल ए पार्ती', ती निघून गेली आहे. त्यातला 'ए' काढून 'सरा' घाला : 'एल सरा पार्ती', ती निघून गेलेली असेल. 'जे फिनी', मी संपवलं आहे. 'ज्योरे फिनी', मी संपवलेलं असेल. ज्याला 'पासे कोंपोझे' हा भूतकाळ येतो, त्याला इथे नवं क्रियापद एकही शिकावं लागत नाही. फक्त सहायक बदलायचं.

सहायकं दोन. 'आव्वार', म्हणजे जवळ असणे, आणि 'एत्र', म्हणजे असणे किंवा होणे. त्यांची भविष्यरूपं अशी : ज्योरे, त्यु ओरा, इल ओरा, नू झोरों, वू झोरे, इल झोरों. आणि ज्य सरे, त्यु सरा, इल सरा, नू सरों, वू सरे, इल सरों. लिहायला सहा रूपं, पण कानाला तीनच : रे, रा, रों. बोलताना म्हणूनच हा काळ दिसतो त्यापेक्षा पुष्कळ सोपा आहे.

हे शेवट आले कुठून, तेही सांगण्यासारखं आहे. लॅटिनचा जुना भविष्यकाळ बोलीतून नाहीसा होत गेला आणि लोक मूळ क्रियापदापुढे 'जवळ असणे' जोडून बोलू लागले. 'मला गायचं आहे' अशा अर्थाच्या 'कांतारे हाबेओ' या दोन शब्दांचा घासून घासून एकच शब्द झाला, 'शांतरे', मी गाईन. 842 साली स्ट्रासबुर्गला घेतलेल्या शपथा हा फ्रेंचचा सर्वांत जुना लेखी पुरावा मानतात. त्यात 'सालवाराय', म्हणजे 'मी रक्षण करीन', हे असं जोडून झालेलं रूप आहेच. याचा अर्थ, 'ज्योरे' या एका शब्दात 'आव्वार' दोनदा बसलेलं आहे, एकदा मूळ म्हणून आणि एकदा शेवट म्हणून. हे कळल्यापासून माझ्या विद्यार्थ्यांना शेवट पाठ करावे लागत नाहीत. 'आव्वार'चा वर्तमानकाळ आठवला की झालं.

आता प्रश्न येतो की कुठल्या क्रियापदाला 'आव्वार' आणि कुठल्याला 'एत्र'. क्लासमध्ये येणे-जाणे, चढणे-उतरणे, जन्मणे-मरणे, पडणे, राहणे, परतणे अशी पंधरा-सोळा क्रियापदांची यादी घोकायला लावतात. घोका, पण त्याबरोबर एक कसोटी वापरून बघा. मला ती शिकवता शिकवता सापडली. वाक्य मराठीत भूतकाळात म्हणायचं आणि कर्ता 'ती' ठेवायचा. 'तिने' म्हणावं लागलं, तर फ्रेंचमध्ये 'आव्वार'. 'तिने पत्र लिहिलं', 'तिने दार उघडलं', 'तिने सिनेमा बघितला' ही सगळी आव्वारची. ती गेली, आली, पडली, राहिली, मेली या 'एत्र'वाल्या क्रियापदांना मराठीत 'ने' लागत नाही.

कसोटी एकाच दिशेने चालते, हे मात्र विसरू नका. 'ती हसली', 'ती झोपली', 'ती विसरली' इथे 'ने' नाही, तरी फ्रेंच त्यांना 'आव्वार'च लावते. म्हणून 'ने' आला तर निर्धास्त व्हायचं, नाही आला तर यादीकडे बघायचं. पण यादी जिथे फसवते तिथे ही कसोटी वाचवते. 'देसांद्र' म्हणजे उतरणे, हे यादीत एत्रवालं आहे : 'एल सरा देसांद्यु', ती खाली उतरली असेल. पण तिने बॅगा खाली आणल्या असतील, तर? 'एल ओरा देसांद्यु ले वालीझ'. क्रियापद तेच, पुढे कर्म आलं म्हणून सहायक बदललं, आणि मराठीतही तिथेच 'ती'ची 'तिने' झाली. व्याकरणाच्या पुस्तकात हा अपवाद म्हणून वेगळ्या चौकटीत देतात. मराठी माणसाला तो अपवाद वाटायचं कारण नाही.

एक गट मात्र कसोटीबाहेर राहतो. स्वतःवरच होणारी क्रिया दाखवणारी, 'स' लावून येणारी क्रियापदं : स लव्हे, उठणे, स लाव्हे, स्वतःला धुणे. ही सगळी 'एत्र' घेतात, मराठीत 'तिने हात धुतले' म्हटलं तरी. 'ज्य म सरे लव्हे', मी उठलेली असेन.

लिंग-वचनाचा मेळ हा या काळातला सर्वांत किचकट भाग समजतात. फ्रान्समध्येही मुलं शुद्धलेखनात इथेच गुण घालवतात. आपण जरा बऱ्या जागी आहोत. मराठीत 'ती गेली', 'ते गेले' असं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं, आणि 'तिने आंबा खाल्ला', 'तिने पोळी खाल्ली' असं कर्माप्रमाणेही बदलतं. फ्रेंचमध्येही 'एत्र' असेल तर पार्तिसिप, म्हणजे आपलं 'गेली', कर्त्याप्रमाणे बदलतं. 'आव्वार' असेल तर कर्माप्रमाणे, पण एका अटीवर : कर्म आधी आलेलं असलं तरच. सोळाव्या शतकात क्लेमां मारो या कवीने हा नियम इटालियनच्या धर्तीवर मांडला आणि तो आजवर टिकला.

कानाने ऐकून बघा. 'ज्योरे एक्री ले लेत्र', मी पत्रं लिहिलेली असतील. इथे पत्रं क्रियापदाच्या नंतर आहेत, म्हणून 'एक्री' तसंच राहिलं. आता पत्रं क्रियापदाच्या आधी आणा : 'ले लेत्र क ज्योरे एक्रीत'. 'लेत्र' फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून 'एक्री'चं 'एक्रीत' झालं आणि शेवटचा 'त' चक्क ऐकू आला. बहुतेक क्रियापदांत हा बदल फक्त लिहिताना दिसतो. एक्रीतसारख्या काही मोजक्या रूपांत तो तोंडातही येतो, आणि फ्रेंच माणूस तो गाळला गेला की टिपतो.

इथे मराठी एका ठिकाणी दगा देते. 'मी पोळ्या खाल्ल्या असतील' या वाक्यात आपण सहायकसुद्धा कर्माप्रमाणे वळवतो. पोळ्या अनेक म्हणून 'असतील'. फ्रेंच सहायक कर्त्याला कधीच सोडत नाही. खाणारी मी एक, म्हणून 'ज्योरे', मग पोळ्या चार असोत की चाळीस.

रचना इथे संपली. वापराकडे वळू. त्यातली पहिली जागा चिठ्ठीतलीच. 'कां', म्हणजे जेव्हा. 'दे क', म्हणजे 'होताच'मधलं 'ताच'. 'युन फ्वा क', म्हणजे एकदा का. 'आप्रे क', म्हणजे नंतर. या शब्दांनी सुरू होणाऱ्या उपवाक्यातली गोष्ट भविष्यात आधी पूर्ण व्हायची असेल, तर तिथे फ्युत्युर आंतेरिअर येतोच. इंग्रजी इथे 'व्हेन यू हॅव फिनिश्ड' असं वर्तमानावर भागवते. फ्रेंचला ते चालत नाही. जे व्हायचं आहे ते भविष्यातच सांगायचं.

आणि मराठी? मराठी इथे फार सुंदर वागते, आणि म्हणूनच चुकवते. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा : 'तो येईल तेव्हा निघू' आणि 'तो आला की निघू'. पहिल्यात येणं आणि निघणं एकाच सुमाराचं. दुसऱ्यात आधी तो येऊन पोचायला हवा. फ्रेंचमध्ये हाच फरक अगदी असाच आहे : 'कां तिल आरिव्हरा, नू पार्तिरों' आणि 'कां तिल सरा आरिव्हे, नू पार्तिरों'. अर्थाची वाटणी सारखी, पण 'आला की' हे रूप दिसायला भूतकाळाचं आहे. आपण उद्याबद्दल बोलताना बेलाशक 'उद्या तो आला की' म्हणतो, कारण आपल्या 'आला'मध्ये काळापेक्षा पूर्ण होण्यावर भर आहे. म्हणून फळ्यावर माझे विद्यार्थी हटकून 'कां तिले तारिव्हे, नू पार्तिरों' लिहितात. 'आला'चं सरळ भाषांतर. फ्रेंच कानाला ते 'तो आला तेव्हा आपण निघू' असं मोडकं लागतं.

यावर उपाय म्हणून मी एक सवय लावायला सांगते. फ्रेंच वाक्य बांधायच्या आधी मनात 'आला की'चं 'आलेला असेल तेव्हा' करून घ्यायचं. 'गृहपाठ झाला की खेळायला जा' याचं 'गृहपाठ झालेला असेल तेव्हा'. मराठी म्हणून ते अवघडलेलं आहे, कुणी असं बोलत नाही. पण फ्रेंचमध्ये पाऊल टाकायला ती फळी पुरते.

'तां क' हाही शब्द याच घरातला. म्हणजे 'जोवर'. फ्रेंच मुलांनी जेवणाच्या टेबलावर असलं वाक्य ऐकलेलं असतं : 'तां क त्यु नोरा पा फिनी ता सूप, त्यु न सोर्तिरा पा द ताब्ल'. सूप संपवल्याशिवाय उठायचं नाही. आपलं 'केल्याशिवाय' तिथे नकारार्थी फ्युत्युर आंतेरिअर होऊन येतं. नकाराचे दोन तुकडे सहायकाला दोन्ही बाजूंनी धरतात, 'नोरा पा', आणि पार्तिसिप त्यांच्या बाहेर राहतं.

वापराची दुसरी जागा मुदतीची. 'दमँ आ सेत्तर, नू सरों आरिव्हे', उद्या या वेळेला आपण पोचलेलो असू. 'ज्योरे फिनी दां झ्युनर', तासाभरात माझं झालेलं असेल. यात अडण्यासारखं काही नाही.

तिसरी जागा मला सर्वांत प्रिय आहे. शाळेत पूर्ण भविष्यकाळाचं उदाहरण म्हणून 'मी आंबा खाल्ला असेल' हे वाक्य यायचं. मला तेव्हाही वाटायचं, स्वतःने आंबा खाल्ला की नाही याबद्दल कुणाला शंका कशी असेल? कारण मराठी कानाला या काळात पहिल्यांदा तर्कच ऐकू येतो. 'बस चुकली असेल.' 'झोप लागली असेल त्याला.' 'फोन घरीच विसरली असेल.' यातलं काहीही पुढे घडणार नाही, घडून गेलं आहे. आपल्याला फक्त खात्री नाही. भविष्यकाळ आपण अंदाजासाठी राबवतो.

फ्रेंचही राबवते. 'इल ने पा ला. इल ओरा राते सों त्रँ.' आला नाही तो, गाडी चुकली असेल त्याची. 'एल ओरा उब्लिए', विसरली असेल. 'इल स सरा आंदोर्मी', झोप लागली असेल त्याला. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे थांबून समजावून घ्यावं लागतं. मराठी माणसाला हे वाक्य ऐकताच कळतं. यामागचं कारण व्याकरणकार असं देतात की घटना मागे घडली असली तरी ती खरी की खोटी हे पुढे कळणार आहे, म्हणून भविष्यकाळ. मला ते पटतं. 'गाडी चुकली असेल' म्हणणारा, तो आला की कळेलच, हेही मनात म्हणतच असतो.

हा अंदाज साध्या भविष्यकाळातही चालतो. दार वाजलं, 'स सरा ल फाक्तर', पोस्टमन असेल. शब्दाला शब्द.

पण प्रमाणाचा फरक लक्षात ठेवा. मराठीत हा तर्क दिवसाला पन्नास वेळा होतो. आजच्या बोलत्या फ्रेंचमध्ये त्या जागी बहुधा 'इल आ द्यु राते सों त्रँ' असं 'दव्वार', म्हणजे 'करावं लागणे', हे क्रियापद घालून बोलतात. 'इल ओरा राते'ला किंचित जपून, वळणदार बोलण्याचा वास आहे. वापरलं तर चूक नाही. फक्त प्रत्येक 'असेल'साठी ते काढलंत, तर समोरच्याला तुम्ही पुस्तकातून बोलताय असं वाटेल.

चौथा वापर पाठ्यपुस्तकं अनेकदा गाळतात, आणि मग फ्रेंच वर्तमानपत्र हातात घेतलं की वाचणारा गोंधळतो. क्रीडापानावर वाक्य येतं, 'स माच ओरा एते ल देर्निए द सा कारिएर'. आपल्या सवयीने वाचलं, तर 'हा सामना त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा असेल' असा अंदाज वाटतो. तसं नाही. सामना होऊन गेला, खेळाडू निवृत्त झाला, आणि लिहिणारा मागे वळून हिशेब मांडतो आहे. मराठीत याला 'ठरला' म्हणतात : हा सामना त्याच्या कारकिर्दीतला शेवटचा ठरला. 'इल ओरा फाल्यु त्रव्वा झां' म्हणजे 'तीन वर्षं लागली असतील' नव्हे, तर 'त्यासाठी तीन वर्षं जावी लागली'. मृत्युलेख, निवडणुकीनंतरची विश्लेषणं, निरोपाची भाषणं यांत हा काळ हमखास भेटतो. तिथे 'असेल' वाचू नका.

बोलण्यातल्या दोन ठेवणीतल्या वाक्यांतही तोच हिशेबाचा सूर आहे. 'ओं नोरा तू व्यु!', काय काय बघावं लागतंय! आणि 'त्यु लोरा वूल्यु!', तूच ओढवून घेतलंस हे.

आता 'सी', म्हणजे 'जर'. इथे मराठी सर्वांत जास्त गुण खाते. आपण म्हणतो, 'तुझं झालं असेल तर ये'. जर-तरमध्ये 'असेल' आपल्याला अगदी घरचा. म्हणून 'सी त्यु ओरा फिनी' असं सहज लिहिलं जातं, आणि ते साफ चूक आहे. अट घालणाऱ्या 'सी'नंतर फ्रेंचमध्ये कुठलाच भविष्यकाळ बसत नाही. 'सी त्यु आ फिनी, व्हियँ', असा पासे कोंपोझे घ्यायचा. फ्रेंच शाळांत मुलांना एक वाक्य पाठ करून घेतात, 'ले सी नेम पा ले रे', सीला रे आवडत नाहीत. त्यांचा रोख संकेतार्थाच्या रूपांवर असतो, पण ओरे-सरेचा 'रे'सुद्धा कानाला तोच, त्यामुळे आपल्यालाही ते वाक्य उपयोगी पडतं. 'सी'चा अर्थ 'की नाही' असा असेल, तर मात्र मोकळीक आहे : 'ज्य न से पा सी ज्योरे फिनी', माझं झालेलं असेल की नाही, माहीत नाही.

राहता राहिलं ते या काळाचं जुळं भावंड. 'ज्योरे फिनी', मी संपवलेलं असेल, आणि 'ज्योरे फिनी', मी संपवलं असतं. बहुतेकांच्या तोंडी दोन्ही उच्चार सारखेच; लिहिताना दुसऱ्याच्या शेवटी एक मुका 'एस' जास्त येतो. फरक अर्थाचा आहे, आणि तो मराठीत 'असेल' विरुद्ध 'असतं' इतका स्वच्छ आहे. वहीत लिहिताना शंका आली, तर कर्ता बदलून 'मी'च्या जागी 'आम्ही' घाला. 'नू झोरों' बसलं तर 'एस' नको, 'नू झोरियों' बसलं तर हवा. घरमालकीणबाईंना एकदा दिव्याबद्दल मी हे दुसरं वाक्य लिहून दिलं होतं, 'एस'सकट : 'ज्योरे एतँ ला ल्युमिएर, मे केल्कँ एते ऑंकोर आं बा'. दिवा मी घालवला असता, पण खाली अजून कुणीतरी होतं.